न खेळणारा कप्तान

टेनिसच्या कोर्टावर कोट-टाय घालून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तोही धुळ्याच्या उन्हात. कोट तपकिरी, टाय स्वतःच्या लग्नातला, आणि गळ्यात दोरीला लटकवलेलं एक ओळखपत्र. त्यावरचा फोटो घामाने केव्हाच पुसून गेला होता. ओळख राहिली नव्हती, पत्र राहिलं होतं.

देवपुरातल्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे आणि मी अकाउंट्स. गाव त्यांना कप्तान म्हणायचं. मी सर म्हणायचे, कारण आमच्या केबिनी शेजारी होत्या आणि रोज तोंड बघायचं असलं की थोडं अंतर ठेवलेलं बरं असतं. त्यांनी रॅकेट हातात धरलेली मी एकदाच पाहिली, क्लबात शिरलेलं कुत्रं हाकलताना. फटका बरा होता. पण खेळायचा विषय काढला की ते दुखावल्यासारखं बघायचे. "मी न खेळणारा कप्तान आहे," म्हणायचे. "जगभर असतो. कोर्टाच्या आत बसायचा हक्क खेळाडूंखेरीज एकट्या त्यालाच असतो."

हे जगभरचं प्रकरण त्यांच्या डोक्यात शिरलं त्याला कारण होतं. तरुणपणी एका मोठ्या शहरात दोन देशांची सांघिक टेनिस लढत होती, तिथे कोणाच्या तरी ओळखीने ते स्वयंसेवक म्हणून गेले. गळ्यातलं ओळखपत्र तिथलंच. काम काय, तर फाटकाशी दोरी धरून गर्दी थोपवायची. तीन दिवस ते दोरी धरून उभे होते, तोंड गर्दीकडे आणि पाठ कोर्टाकडे. चेंडू एकदाही दिसला नाही. पण पंचाची खुर्ची कुठून आली, सोडत कोणी काढली, कप्तानाने कोणाचं नाव मागे घेतलं, पाहुण्या संघाला सरावाला कोर्ट कधी मिळालं, हे सगळं त्यांनी कानांनी टिपलं. खेळ सोडून बाकी सगळं पाहून ते धुळ्याला परत आले, आणि मग त्यांनी खान्देशात टेनिसची जागतिक व्यवस्था उभारली.

व्यवस्था अशी होती. वरच्या गटात जळगाव आणि धुळे, खालच्या गटात पाचोरा आणि शिंदखेडा. प्रत्येक लढत तीन दिवसांची. पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी, तिसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी बदलून पुन्हा दोन एकेरी. पाचांत तीन जिंकेल तो संघ. यजमान कोण हे आलटून पालटून ठरायचं, पहिल्यांदाच गाठ पडली तर चिठ्ठीने. यजमानाने जमीन निवडायची, सिमेंट, माती, जी सोयीची असेल ती. पंच तटस्थ हवा, म्हणून मालेगावचा एक चष्म्याचा दुकानदार दर वेळी एसटीने यायचा. वरच्या गटात जो हरेल त्याने खालच्या गटातल्या विजेत्याशी खेळायचं. तिथेही हरला तर तो खाली आणि खालचा वर.

हा शेवटचा नियम कोणी मनावर घेतला नव्हता. जळगाव आणि धुळे जिल्ह्याची ठिकाणं. जिल्हा तालुक्याच्या खाली कसा जाईल? जिन्याला खाली जायच्या पायऱ्या असतात हे वर राहणाऱ्याला आठवत नाही.

मधल्या काळात जगाने ही पद्धत मोडली. सामने छोटे केले, बरेचसे एकाच गावी भरवायला लागले, ज्याच्या-त्याच्या अंगणाची गंमत संपली. ती बातमी वाचून सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "आता मूळ पद्धत फक्त खान्देशात शिल्लक आहे." तेव्हापासून टायची गाठ जास्तच घट्ट दिसायला लागली.

मी मूळची जळगावची. लग्न होऊन धुळ्यात आले, नोकरी लागली, रॅकेट बरोबर होतीच. क्लबात गेले तर सरांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, जळगावकडून कधी खेळलात?"

"कॉलेजात असताना."

"मग धुळ्याकडून खेळायला तीन वर्षं थांबावं लागेल. रहिवासाचा नियम आहे."

"सर, मी लग्न करून आले आहे."

"नियमाला लग्न कळत नाही."

तीन वर्षं त्यांनी मला सरावाला बोलावलं, पण लढतीच्या दिवशी दोरीबाहेर बसवलं. ज्या दिवशी मुदत भरली त्या दिवशी सकाळी घरी पेढे घेऊन आले. माझ्या सासूबाईंना वाटलं मला बढती मिळाली. त्यांनी देवापुढे दिवा लावला, मग खरं कळल्यावर विझवला.

हा माणूस घरीही असाच होता. दिवाळीच्या फराळाला आम्ही त्यांच्याकडे गेलो की पुढच्या वर्षी ते आमच्याकडे, आणि ज्याचं घर त्याने शेव तिखट की फिकी ते ठरवायचं. लेकीच्या लग्नात व्याह्यांनी कार्यालय बदलायचं म्हटलं तर यांनी "जमीन निवडायचा हक्क यजमानाचा" असं भर बैठकीत सुनावलं. व्याही शेतकरी माणूस. जमिनीचं नाव ऐकून तो घाबरला आणि त्याने कार्यालयाचा विषय सोडला. वहिनी मला एकदा चहा देताना म्हणाल्या, "सगळ्यांना यजमानपण आळीपाळीने मिळतं हो. मी लग्न झाल्यापासून पाहुणाच संघ आहे."

क्लबात एक फळा होता. त्यावर सर खेळाडूंची क्रमवारी लावायचे. क्लबचे अध्यक्ष पेट्रोल पंपवाले. कोर्टावरचा रोलर त्यांनीच दिलेला, त्यामुळे आपण पहिले असं ते धरून चालायचे. एक दिवस फळ्यापुढे थबकले.

"कप्तान, माझं नाव तिसरं?"

"तुमचा खेळ तिसरा आहे, अध्यक्षसाहेब. तुम्ही पहिलेच आहात."

अध्यक्षांना यात मान की अपमान ते कळेना. त्यांनी आम्हा सर्वांकडे पाहिलं. आम्ही सर्वांनी बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. फळ्यावर पहिला होता बँकेतला एक अधिकारी, दुसरी मी. पण लढतीत एक एकेरी खेळायचा बँकवाला आणि दुसरी अध्यक्ष, कारण क्लबच्या घटनेत अध्यक्षाने एकेरी खेळावी असं कलम होतं. ते अध्यक्षांनीच घातलं होतं. मी दातांच्या डॉक्टरांबरोबर दुहेरी खेळायचे.

गेल्या खेपेला जळगाव आमच्याकडे आलं. सरांनी दोन्ही संघांचे झेंडे करवून घेतले. जळगावचं म्हणून भरताचं वांगं काढायचं ठरलं आणि पेंटरने ते जांभळं काढलं. उद्घाटनाला जळगावचा संघ झेंड्याखाली उभा राहिला आणि त्यांचा कप्तान वर बघून म्हणाला, "हे कोणाचं वांगं?"

"तुमचं."

"आमचं हिरवं असतं. पांढऱ्या रेघांचं. हे जांभळं भाजून बघा, भरीत होतं का चटणी होते ते कळेल."

अर्धा तास खेळ थांबला. पेंटरला घरून बोलावून वांगं हिरवं करून घेतलं, मग सोडत झाली. रंग ओला होता, तो आमच्या बँकवाल्याच्या पाठीला लागला. त्या दिवशी जळगावचं वांगं पाठीवर घेऊन तो खेळला आणि तीन दिवसांत आम्ही पाचही सामने हरलो.

म्हणजे आता खालच्या गटातल्या विजेत्याशी गाठ होती. तो होता शिंदखेडा.

अध्यक्ष सरांच्या घरी आले तेव्हा मी परीक्षेच्या कामाने तिथेच होते. चहाला हात न लावता ते म्हणाले, "ही खालच्या गटाची भानगड रद्द करा. आपण जिल्ह्याचं ठिकाण. तालुक्याशी खेळायचं तर मैत्रीचा सामना खेळू."

"मोठमोठे देश खाली गेले आहेत, अध्यक्षसाहेब."

"देश गेले असतील. धुळे जाणार नाही."

"आणि हरलो तर?"

"हरलो तर तुम्ही जाल," अध्यक्ष म्हणाले. "कप्तानाची खुर्ची क्लबची आहे."

सरांनी मान हलवली आणि पेला त्यांच्यापुढे सरकवला. त्यांच्याजवळ त्या खुर्चीखेरीज काय होतं? नोकरी संपत आलेली, लेक सासरी, वहिनी पाहुणा संघ. नियम सोडला तर खुर्ची राहत होती. धरला तर आम्ही शिंदखेड्याला हरवलं तरच राहणार होती.

त्यांनी दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. यजमान शिंदखेडा निघाला.

शिंदखेड्याच्या संघाचे कप्तान आबा. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचे मालक. खालच्या गटाची लढत यंदा पहिल्यांदाच झाली होती आणि ती त्यांनी पाचोऱ्याला जाऊन जिंकलेली, त्यामुळे स्वतःच्या अंगणाचा प्रश्न कधी आला नव्हता. त्यांचा फोन आला तेव्हा सरांनी तो मला ऐकवला.

"आम्हना गावमा कोर्ट नही शे, कप्तान. जिनिंगनं पटांगण शे. चालई का?"

"कसली जमीन आहे?"

"मातीनी. अक्का सारवी दिई."

"चालेल," सर म्हणाले. डोळे चमकत होते. "यजमानाचा हक्क आहे. फक्त पाहुण्या संघाला आधी कळवायचं असतं. तुम्ही कळवलंत, मी ऐकलं."

मी म्हटलं, "सर, ते आपल्याविरुद्ध खेळणार आहेत."

"म्हणून तर नीट व्हायला हवं."

आणि स्वतः एसटीने जाऊन त्यांना कोर्ट आखून देऊन आले.

पौषातली थंडी. आमच्या दोन गाड्या सकाळी जिनिंगच्या फाटकात पोचल्या तर आत हिरवंगार, गुळगुळीत सारवलेलं पटांगण. रेषा रांगोळीच्या. चारही कोपऱ्यांत ठिपक्यांची फुलं. मधे जाळी. अध्यक्ष परदेशातून आणलेले बूट घालून पुढे निघाले आणि फाटकाशी एक सत्तरीची बाई केरसुणी आडवी धरून उभी राहिली. ती अक्का, आबांची बहीण.

"ओ भाऊ, सारायेलवर जोडा घालीसन कोनी चालस का? काढा बठ्ठास्नी."

"मी धुळ्याचा अध्यक्ष आहे," अध्यक्ष म्हणाले.

"अध्यक्ष व्हई तू तुना घरना. आठे मी सारवेल शे."

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. हा प्रश्न सरांनी नियमांत धरलाच नव्हता. सारवण ठरलं, आखणी झाली, सारवलेल्या जमिनीवर पायताण घालून कोणी पाऊल टाकत नाही ही गोष्ट मात्र ते विसरले होते, आणि आम्हीही. आम्ही सगळे फरशीवरचे झालो होतो. सरांनी खाली बसून स्वतःचे बूट-मोजे काढले, कोटाचं बटण लावलं आणि ते अनवाणी जाऊन कप्तानाच्या खुर्चीत बसले. मालेगावचा चष्मेवाला पंचही मोजे खिशात घालून खुर्चीवर चढला.

गार शेणावर पहिलं पाऊल पडलं की पायाची बोटं आपली राहत नाहीत. बँकवाला पहिला सामना कसाबसा जिंकला, अक्काच्या मुलाविरुद्ध. दूध संकलन केंद्रावर काम करणारा उंच, लाजाळू पोरगा तो. प्रत्येक गुण हरला की आईकडे बघायचा आणि आईचा चेहरा बघून पुढचाही हरायचा. अध्यक्षांची गाठ शाळेच्या खेळाच्या मास्तरांशी पडली. अध्यक्षांच्या पायांनी जन्मात गालिच्याखेरीज काही पाहिलं नव्हतं. गरम तव्यावर चालल्यासारखे ते धावत होते. चेंडू उसळायचा नाही, ते आधीच उसळायचे. हरले. दुसऱ्या दिवशी मी आणि डॉक्टर दुहेरी जिंकलो. अक्काने दुहेरीसाठी रुंद रेषा ओढून दिल्या होत्या आणि आम्ही त्या पायांनी पुसल्या की सेट संपल्यावर पुन्हा ओढायची. चेंडू फुलावर पडला तर आत की बाहेर, यावर पंचाने चष्मा काढून पुसला आणि अक्कालाच विचारलं. तिसऱ्या दिवशी बँकवाल्याच्या अंगठ्याचं नख उचकटलं आणि तो मास्तरांपुढे हरला.

दोन-दोन. शेवटचा सामना अध्यक्ष विरुद्ध अक्काचा मुलगा.

अध्यक्ष उड्या मारून अंग गरम करत होते. सर खुर्चीवरून उठले, माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही."

"सर, घटनेत कलम आहे."

"क्लबच्या घटनेत आहे. लढतीच्या नियमात शेवटच्या दिवशी बदल करायचा हक्क कप्तानाचा. पंचाला आधी सांगायचं असतं. सांगितलं."

अध्यक्ष उडी मारता मारता थांबले. "मला उठवून बाईमाणसाला?"

"तिसऱ्याला उठवून दुसऱ्याला," सर म्हणाले.

आबांना विचारलं तर ते मिशीतल्या मिशीत हसले. "खेळू द्या ना. आम्हना पोऱ्या बायासले घाबरस. तुम्हनाच फायदा शे."

पोरगा खरंच घाबरला. पहिला सेट मी सहज घेतला. दुसऱ्यात त्याच्या लक्षात आलं की मी आई नाही. माझं वय चेंडूच्या मागे एक पाऊल पडायला लागलं, तो मात्र त्या अंगणावर रांगत मोठा झालेला. जाळीपलीकडून अक्का माझ्याच फटक्याला "वा!" म्हणायची आणि मुलगा चुकला की केरसुणी उगारायची. तिसऱ्या सेटमध्ये बरोबरी होती तेव्हा मी सरांकडे पाहिलं. कप्तानाला खेळाडूशी बोलायचा हक्क असतो. ते पुढे झुकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, किती सुंदर चाललंय!"

हा सल्ला घेऊन मी गेले आणि हरले. शेवटचा चेंडू जाळीत गेला, वाद घालायलाही जागा नव्हती.

शिंदखेडा ओरडलं. आणि त्या ओरड्यात मला टाळ्या ऐकू आल्या, अगदी जवळून. धुळ्याचे कप्तान धुळ्याच्या खुर्चीपुढे अनवाणी उभे राहून टाळ्या वाजवत होते. "चालली हो मॅडम! पद्धत चालली!"

अध्यक्षांनी तिथल्या तिथे त्यांना काढलं. आबांच्या समोर, बूट हातात धरून. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्यापासून की आत्तापासून?"

अक्काने माझ्या पायांवर गरम पाणी ओतलं. "ये वं बाई, पाय धुई ले. शेणना पाय लईसन गाडीमा बठशी का?" पाणी बरं वाटलं, बाकी काहीच बरं वाटलं नाही. गाडीत मी सरांशी बोलले नाही. सोनगीर मागे पडल्यावर राहवेना.

"सर, मी जीव तोडून खेळले आणि हरले. निदान वाईट तोंड तरी करायचं."

"वाईट वाटतंय ना," ते म्हणाले. "पण इतकी वर्षं मी जिना बांधतोय. आज पहिल्यांदा कोणीतरी वर चढलं."

"आणि आम्ही पडलो."

"मग वर जागा कशी होणार, मॅडम?"

राग गेला नव्हता. पण हिशोब माझाच विषय. एका बाजूने गेल्याशिवाय दुसऱ्या बाजूला जमा होत नाही, हे मीच पोरांना शिकवत होते.

पुढे अध्यक्ष धुळ्याचे खेळणारे कप्तान झाले आणि त्यांनी पहिल्या सभेत खालचा गट रद्द केला. आता धुळ्याचा संघ धुळ्याशीच खेळतो आणि बऱ्याचदा जिंकतो. जळगावकरांनी मात्र पद्धत सोडली नाही. वरच्या गटाच्या विजेत्याची ढाल त्यांच्याकडे होती आणि ढाल राखायची तर वरच्या गटातल्या दुसऱ्या संघाशी खेळावं लागत होतं. तो संघ म्हणजे शिंदखेडा. गाठ पहिलीच, म्हणून चिठ्ठ्या पडल्या आणि यजमानपण पुन्हा शिंदखेड्याला गेलं.

आबा नारळ आणि टोपी-उपरणं घेऊन सरांकडे आले. म्हणाले, आमचे कप्तान व्हा. सरांनी नारळ घेतला, टोपी घेतली, आणि सांगितलं, "तीन वर्षं थांबावं लागेल. मी धुळ्याचं प्रतिनिधित्व केलं आहे."

"तुम्हना जलम आम्हना तालुकामा!"

"जन्म वेगळा, प्रतिनिधित्व वेगळं."

आणि निवृत्तीनंतर हा माणूस खरोखर रहिवास भरायला शिंदखेड्यात दोन खोल्या घेऊन राहायला गेला. वहिनी सामान बांधताना मला म्हणाल्या, "बघू या, तिथे तरी यजमान होते का."

जळगावच्या लढतीला मी गेले. फाटकाशी जळगावचे मोठे मोठे लोक बूट हातात धरून रांगेत उभे होते आणि अक्का एकेकाचे पाय तपासून आत सोडत होती. झेंड्यावर वांगं हिरवं होतं, पांढऱ्या रेघांचं. सर कुठे दिसेनात. शोधलं तर फाटकाच्या आतल्या बाजूला कोट, टाय, अनवाणी पाय, गळ्यात ते कोरं ओळखपत्र, आणि हातात दोरी. गर्दी थोपवत होते. तोंड गर्दीकडे आणि पाठ कोर्टाकडे.

"हे काय सर?"

"कप्तान होता येत नाही. दोरी धरण्याला प्रतिनिधित्व म्हणत नाहीत."

मागे दोन-दोन झालं होतं. अक्काचा मुलगा शेवटचा सामना खेळत होता आणि अक्का केरसुणी विसरून जाळीशी गेली होती. एकदम आरोळी उठली. सरांची मान ताठ झाली, पण वळली नाही.

"कोण?" त्यांनी मला विचारलं.

"वळून बघा की. एकच गुण राहिलाय."

"दोरी कोण धरणार?"

मी पर्स खांद्याला अडकवली आणि त्यांच्या हातातून दोरीचं टोक घेतलं. "आता बघा."

सर वळले. अक्काच्या मुलाने चेंडू वर फेकला. गर्दी माझ्या दोरीवर रेटत होती, त्यामुळे मला काही दिसलं नाही. नुसता गलका ऐकू आला, कोणीतरी हलगी वाजवायला घेतली, आबांचा पागोट्याचा शेला हवेत उडाला. शिंदखेडा जिंकला होता. खान्देशच्या जागतिक गटात सर्वांत वर.

मी सरांकडे पाहिलं. ते अजून कोर्टाकडेच बघत होते, डोळे बारीक करून, अगदी मन लावून.

"पाहिलंत ना, सर?"

"हो," ते म्हणाले आणि दोरी परत घेतली. "पंचाची खुर्ची थोडी डावीकडे कललेली आहे."